फाटककाकांची हिरवळ

माझ्या धाकट्या दिरांना सगळं गाव फाटककाका म्हणतं. नव्या माणसाला ते आडनाव वाटतं. आडनाव कसलं डोंबलाचं! गावाच्या मधोमध सिमेंटचं गोदाम होतं, त्याच्या लोखंडी फाटकावर भाऊजींनी उभी हयात काढली, म्हणून फाटक. आमचं घर गोदामाच्या समोरच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा आवाज ऐकतेय. "ए! कोण आहे तिकडे? हो बाहेर!" माणूस लोण्याहून मऊ, पण आवाज म्हणजे पत्र्यावर धोंडा पडावा तसा. त्या आवाजापायी गोदामातून एक पोतं कधी हललं नाही, आणि त्या आवाजापायीच सांगून आलेल्या दोन मुली नाही म्हणाल्या, असं माझे हे हयात असताना गमतीनं सांगायचे. भाऊजीही हसायचे.

गोदाम बंद पडलं आणि जागा गावाकडे परत आली. निम्म्या गावाला तिथं दुकानांचे गाळे हवे होते, निम्म्याला हिरवळ. गावसभेत नुसती तू-तू मैं-मैं चालली होती. सभेत कधी तोंड न उघडणारे भाऊजी उठले आणि म्हणाले, "आजवर मी तिथून माणसं हाकलली. आता मला तिथं माणसं बसलेली बघायचीत. एवढंच." मग अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. वर्षभर हिरवळ करून बघू, लोक वापरू लागले तर कायमची, नाहीतर गाळे. राखणीला कोण? आणखी कोण असणार! त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता आठवलं की हात पोळल्यासारखे वाटतात.

भाऊजींनी जिवाचं रान केलं. ती जमीन म्हणजे सिमेंट पिऊन दगड झालेली. फरशी फोडून झाली, वर चांगली माती पडली, आणि हा म्हातारा गुडघ्यांवर बसून गवताचा एकेक ठोंब लावत सरकत राहिला. गुडघे सुजले. मी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायचे, तर ती मांडीवर ठेवून खिडकीतून तिकडेच बघत बसायचे. गवत वर आलं तेव्हा लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला त्यांनी.

मग शाळा सुटल्यावर पोरं आली. धावतच आली बिचारी.

"ए! हो बाहेर!"

मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "अहो भाऊजी, पोरांसाठीच ना हे सगळं?"

"आहेच की. पण अजून धरलं नाही हो, वहिनी. मुळं वरवर आहेत."

ते तेव्हा खरंच होतं. पण पुढे मुळं खोल गेली, गवत गालिचासारखं दाट झालं, तरी भाऊजींचं आपलं 'अजून धरलं नाही' चालूच. बाकांचा रंग ओला आहे. कडेची रोपं नाजूक आहेत. शेजारणी संध्याकाळी टेकायला गेल्या, तर आधी चपला काढा, मग त्या कोपऱ्यात नको, आत्ताच पाणी घातलंय. नाकं मुरडत आल्या परत. शाळेतल्या बाई एकदा अख्खा वर्ग घेऊन आल्या. भाऊजींनी मुलांना कडेच्या दगडांवर ओळीत बसवलं, हाताची घडी घालून. मुलं गवताकडे बघत बसली आणि तशीच उठून गेली. बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. भाऊजी मात्र खूश. "बघा वहिनी, एक पाऊल उमटलं नाही!"

शेवटी मी फटकन बोलले. "भाऊजी, तुम्ही हिरवळ राखताय की गोदाम?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणाले, "मला कळतं हो. पण आत माणूस दिसला की तोंडातून निघूनच जातं. मी ठरवून नाही ओरडत." मी कपाळाला हात लावला.

वर्ष भरत आलं तसे अध्यक्ष पाहणीला आले. हिरवळ विंचरून ठेवल्यासारखी दिसत होती, आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. "सुरेख राखलीय," ते म्हणाले, "पण माणसं कुठायत?" भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. अध्यक्ष वळले न वळले तोच त्यांनी फाटक सताड उघडलं आणि शाळेतून येणाऱ्या पोरांसमोर रस्त्यातच उभे राहिले. "या! या आत! खेळा!" शब्द नवे, पण आवाज तोच. पोरं दप्तरं सावरत पळत सुटली. एक चिमुरडी माझ्या पायरीशी येऊन थांबली. डोळे पाण्यानं भरलेले.

"काकू, काका का ओरडतायत? आज तर आम्ही आत गेलोच नाही."

मी तिला सांगितलं, ते बोलावतायत गं, जा. तिनं मान हलवली आणि घरी गेली. निर्णयाच्या सभेपर्यंत भाऊजी रोज तसे उभे राहत. आवाज बारीक करून बघत, तर घशातून नुसती घरघर यायची. मला खिडकीत उभं राहवेना. एवढ्या मायेचा माणूस, आणि ती माया बाहेर पडायला वाटच नाही, याचा मला भयंकर राग येई. कुणावर, ते कळत नसे.

सभेला सगळं गाव आलं. गाळ्यांसाठी निम्म्याहून जास्त हात वर झाले, त्यात शाळेतल्या बाईंचाही होता. ठराव पक्का करण्याआधी अध्यक्षांनी रीतसर विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" भाऊजी माझ्या शेजारून उठले. त्यांनी घसा खाकरला, आणि पुढच्या रांगेतल्या चार बाया दचकून आपल्या जागेवरून उठल्या. बसू नये अशा ठिकाणी आपण बसलोय, असंच वाटलं असणार त्यांना.

भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग एक शब्दही न बोलता ते खाली बसले.