नुसत्या पात्याची विळी

आईला विळी कुरियरने पाठवतात होय? तीही अर्धी! मंडळी, आज दुपारी खोक्यातून नुसतं पातं निघालं.

माझा विलास नाशकात गच्चीवर भट्टी लावून हौसेने सुऱ्या घडवतो. गणपतीलासुद्धा आला नाही, म्हणे भट्टीचं काम आहे. ह्यांच्यामागे राहिलेली मिलमधली कानस नेली होती, तिचंच हे पातं केलंय. धार लावलीये झकास, खोटं कशाला बोलू?

शेजारची सुमन म्हणाली, "काकी, पाटावर बसवायला सुतार बोलावू?"

म्हटलं, "लालबागेतले सुतार मला ठाऊक नाहीत काय गं? गप बस."

पाट घासून ठेवलाय. विळी बसेपर्यंत मी बांगडा आणणार नाही.

ग्रुपवर बाकीच्यांनी नुसते अंगठे दाखवू नका. उत्तर विलासनेच द्यायचं, तेही दारात येऊन.