घर रिकामे करावे

बँकेनं माझी बदली कोल्हापूरहून चेन्नईला केली, तेव्हा मी पश्चिम मांबलममध्ये विजयेंद्ररावांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. भाडेकरू मराठी मिळाला म्हणून ते खूश होते. ते तंजावरकडचे. त्यांच्या घराण्यात मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती, पण देवनागरी त्यांना लिहिता येत नव्हती. वाणसामानाची यादीसुद्धा तमिळमध्ये. बोलणं मात्र जुन्या वळणाचं. 'मला'च्या जागी 'मज', आणि 'मी सांगितलं'च्या जागी 'मी सांगितलों'.

वॉर्ड ऑफिसात ते अभियंता होते. मोडकळीला आलेली घरं तपासायची, मालकाला दुरुस्तीची नोटीस द्यायची, मुदतीत काम झालं का ते पाहायचं, आणि घर धोक्याचं असेल तर ते रिकामं करायला लावायचं, हे त्यांचं काम. ऑक्टोबरात पावसाळा लागतो, त्याच्या आधी दोन महिने त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. खिशात एक लहान हातोडी असायची. तिनं भिंत ठोकत ते पुढं सरकायचे. गिलावा धरून असला की आवाज भरीव येतो, सुटला असला की पोकळ. 'कान गेला तर नोकरी गेली,' असं म्हणायचे.

मऊ माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. रिकामं करायला लावण्याऐवजी ते दुरुस्तीला मुदत द्यायचे, आणि मुदत संपली की आणखी थोडी वाढवून द्यायचे. कागद देणाऱ्याचं काम कागद दिला की संपतं, पण घेणाऱ्याला कुठंतरी जावं लागतं, असं ते मला एकदा म्हणाले होते.

मी राहायला गेलो त्याच वर्षी धनलक्ष्मीचा अपघात झाला.

टी. नगरच्या एका मागच्या गल्लीत एक तीन मजली इमारत होती. खाली दुकान, दुकानावर सिमेंटचा छज्जा. छज्ज्याच्या आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या आणि खालून पापुद्रे निघाले होते. विजयेंद्ररावांनी ते पाहिलं आणि छज्जा लगेच उतरवायला सांगितलं. मालकानं हात जोडले. दिवाळी तोंडावर आली होती, बांबूची परांची उभारली असती तर दुकानाचं तोंडच बंद झालं असतं. विजयेंद्ररावांनी एकवीस दिवसांची मुदत लिहिली. छज्ज्याखाली धनलक्ष्मी नावाची फुलवाली बसायची, तिला तोवर बाजूला बसवा, असं त्यांनी मालकाला तोंडी बजावलं. फुलवाली चार हातांवर बसून मोगरा ओवत होती. जाताना त्यांनी तिच्याकडून बायकोसाठी दोन हात गजरा घेतला. तिला स्वतःला मात्र ते काही बोलले नाहीत.

मालक तिला सांगायला विसरला. सतराव्या दिवशी दुपारी साडेतीनला, पाऊस नाही, वारा नाही, छज्जा खाली आला. धनलक्ष्मी एक्केचाळीस वर्षांची होती.

चौकशी झाली. नोटीस वेळेवर दिली होती, मुदत नियमात होती, मुदत संपलेली नव्हती. विजयेंद्ररावांवर ठपका आला नाही. त्यांना तो यायला हवा होता, असं मला नंतर वाटू लागलं. सुटका झाली त्या दिवशी ते न जेवता धनलक्ष्मीच्या घरी गेले. तिचा नवरा रिक्षा चालवायचा. त्यानं त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "सार, तिथं बसू नको असं तुम्ही तिला सांगितलं होतं का?"

"नाही."

"पडणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

विजयेंद्रराव अर्धा तास त्या खुर्चीवर बसून परत आले.

त्यानंतर त्यांनी मुदती देणं बंद केलं. भिंतीला भेग दिसली, तुळईला ओल दिसली, की शेरा एकच: घर रिकामे करावे. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी चाळीसेक घरांवर तो लिहिला. त्यातली काही खरंच पडायला आलेली होती, ते मीही मान्य करीन. वरिष्ठ खूश झाले. पण हातोडीचा आवाज ते आता नीट ऐकत नव्हते. निकाल आधी ठरलेला असायचा, ठोकणं नंतर व्हायचं. हे त्यांनीच मला सांगितलं, बऱ्याच उशिरा.

नुंगंबाक्कमच्या एका घराबद्दल तक्रार आली ती खुद्द घरमालकाकडून. मालक नारायणस्वामी म्हातारे होते, सगळा कारभार त्यांचा पुतण्या श्रीवत्स पाहायचा. आपलंच घर धोक्याचं आहे, भाडेकरूंच्या जिवाची काळजी वाटते, असं त्यानं लिहिलं होतं. भाडेकरू एकच होत्या. तुळसीबाई, वय बहात्तर, शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. चाळीस वर्षं त्या त्या घरात होत्या आणि भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला देत होत्या.

विजयेंद्रराव गेले तेव्हा त्यांच्या नावावरून ते आपल्यातलेच, तंजावरचे मराठी, हे तुळसीबाईंनी ओळखलं आणि मराठीत विचारलं, तू कुणाचा? तंजावरचं घर, आजोळ, सगळं निघालं. त्यांच्या आईला त्या लहानपणी ओळखत होत्या. त्यांनी कॉफी दिली, मग स्वतःच त्यांना खोल्या दाखवल्या. घर जुन्या पद्धतीचं होतं. सागवानी तुळया, त्यांच्यावर चुन्यात उभ्या बसवलेल्या विटांचं छत. पुढच्या दोन्ही खोल्या ठणठणीत होत्या. मागच्या खोलीत एका तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं ओल होती. ती एक तुळई बदलली असती, वरचं पन्हाळ साफ केलं असतं, तर घर आणखी तीस वर्षं उभं राहिलं असतं. हे त्यांना तिथं उभं असतानाच कळलं होतं.

त्यांनी लिहिलं, घर रिकामे करावे.

तुळसीबाईंना कागदावरचं तमिळ वाचायला चष्मा लागला. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घर पडेल म्हणून लिहितोस, की तुज भय वाटतें म्हणून?"

विजयेंद्ररावांनी हातोडी खिशात घातली.

सात दिवसांनी घराची वीज तोडली, मग पाणी. तुळसीबाईंनी दोन दिवस शेजारून घागरी आणल्या. तिसऱ्या दिवशी तांबरमहून त्यांचा भाचा सुधींद्र टेंपो घेऊन आला. त्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, दोन मुलींच्या खोलीत त्यांची खाट लागली. अर्धं सामान टेंपोत मावलं नाही. ते फुटपाथवर राहिलं आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी नेलं.

घर पाडायला मशीन लागलं, तेव्हा विजयेंद्रराव ऑफिसच्या कामानं तिथून जात होते. धोक्याचं घर दोन तासांत बसतं. हे सहा दिवस झाले तरी उभं होतं. मशीनचा चालक वैतागला होता, चुना जुना, विटा सुटत नव्हत्या. तुळया सबंध निघाल्या, आणि लाकडाच्या व्यापाऱ्याची लॉरी त्या न्यायला आधीच उभी होती. विजयेंद्ररावांनी मागच्या खोलीतली तुळई शोधली आणि कुजलेला भाग वितीनं मोजला. एक वीत आणि चार बोटं. बाकी लाकूड इतकं टणक होतं की नख रुतत नव्हतं.

श्रीवत्स तिथंच होता. हसून त्यांच्याजवळ आला. जागा शेजारच्या कपड्यांच्या दुकानाला द्यायचं वर्षापूर्वीच ठरलं होतं, म्हातारी तेवढी हलत नव्हती, असं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. टी. नगरच्या प्रकरणानंतर तुम्ही कुठलंच घर सोडत नाही हे ऐकलं होतं, म्हणूनच तक्रार केली, असंही म्हणाला. "तुमच्यामुळं कोर्टाची दहा वर्षं वाचली, सार."

त्या संध्याकाळी विजयेंद्रराव माझ्याकडं वर आले आणि तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही लोकलनं तांबरमला गेलो. एकट्यानं जायचा त्यांना धीर नव्हता.

तुळसीबाई खाटेवर पडून होत्या. अनोळखी न्हाणीघरात, ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात शस्त्रक्रिया नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. विजयेंद्रराव खाटेशी उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "अक्का, घर चांगलें होतें. मज माहीत होतें. तरी मी लिहिलों."

तुळसीबाईंनी मान त्यांच्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "तें लिहून आण. आपल्या भाषेंत. मज वाचायचें आहे."

विजयेंद्ररावांना देवनागरी लिहिता येत नव्हती, म्हणून ते मी लिहिलं. दोन संध्याकाळ ते सांगत होते आणि मी उतरवत होतो. मी एका ठिकाणी 'अनवधानाने' असा शब्द घातला, तो त्यांनी खोडायला लावला. धनलक्ष्मीचं नावही त्यांनी घालू दिलं नाही. तिचं कारण सांगून आपण सुटायचं नाही, असं म्हणाले. कागद एक पानाचा झाला: घर पाहिलं, एक तुळई सोडून सर्व शाबूत होतं, दुरुस्ती शक्य होती, मी खोटा शेरा लिहिला, त्यामुळं तुळसीबाईंचं घर गेलं. खाली त्यांनी तमिळमध्ये सही केली. त्याच मजकुराची तमिळ प्रत त्यांनी वरिष्ठांना दिली.

तुळसीबाईंनी तो कागद दोनदा वाचला. शिक्षिकेच्या सवयीनं त्यांनी माझी एक वेलांटी दुरुस्त करायला पेन मागितलं. मग कागद घडी करून उशीखाली ठेवला. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि विजयेंद्ररावांनी मागितलीही नाही. "आतां जा," एवढंच म्हणाल्या.

अडीच महिन्यांनी त्या वारल्या. छातीत कफ झाला, पडून राहिल्यानं होतो तसा.

ऑफिसातली सुनावणी त्यानंतर झाली. विजयेंद्ररावांबरोबर मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आतलं त्यांनी मला नंतर सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच कोडं पडलं होतं. कुणाची तक्रार नाही, घर राहिलेलं नाही, भाडेकरू हयात नाही, मग हा माणूस निवृत्तीला तीन वर्षं असताना आपल्याच विरुद्ध कागद का देतो? प्रकृती बरी नाही असं लिहून दिलंत तर मिटवून टाकतो, असंही तो म्हणाला. विजयेंद्ररावांनी नकार दिला. दोन वेतनवाढी थांबल्या आणि त्यांना डासांच्या कामावर टाकलं. घरोघरी जाऊन टाक्या, पिंपं, कुंड्यांखालच्या बशा तपासायच्या.

श्रीवत्सला काहीच झालं नाही. विजयेंद्ररावांनी दिलेला कागद त्याच्याविरुद्ध लागू पडत नव्हता, कारण घर धोक्याचं आहे असं तो फक्त म्हणाला होता. ते ठरवलं होतं विजयेंद्ररावांनी. सुधींद्रनं वकिलाला विचारून पाहिलं. मावशी असती तर दावा उभा राहिला असता, असं वकील म्हणाला.

गेल्या मार्चमध्ये माझी बदली परत कोल्हापूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी विजयेंद्रराव कामावरून आले ते डासांच्या औषधाच्या वासानं भरलेले. जेवताना बायकोनं, नोटिसांच्या दिवसांत विचारायची तसंच, विचारलं, आज किती घरं झाली? साठ, म्हणाले. भाताचे दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठले.