हात धरल्याची खूण

आई ज्या आयसीयूत आहे, तिथे या आठवड्यापासून नवी पद्धत आली आहे. दर दोन तासांनी सिस्टरनी पेशंटचा हात हातात घेऊन त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पलंगाला अडकवलेल्या तक्त्यावर खूण करायची. आमच्या सिस्टरकडे चार पेशंट. त्या येतात, खूण करतात आणि पुढच्या पलंगाकडे धावतात. काचेबाहेर बसून मी हे रोज बघते.

काल न राहवून विचारलंच. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तक्ता कोरा राहिला तर मेमो मिळतो. हात धरला नाही, तर कोण विचारतंय?"

राग तरी कुणावर काढायचा? गेल्या आठवड्यापर्यंत याच बाई जाता जाता आईचे केस सारखे करायच्या. माया कमी पडते म्हणून कुणीतरी माणसं वाढवायची सोडून कागद वाढवले.

आज भेटीच्या वेळेत मी आईचा हात धरून बसले होते. सिस्टर आल्या. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि आपल्या नावापुढे खूण केली.