डाव्या कानातला फाया

निजामाच्या अमलातल्या एका तहसील कचेरीत माझी जागा तहसीलदारसाहेबांच्या डाव्या हाताला होती. आलेले अर्ज त्यांना उर्दूत वाचून दाखवायचे, एवढंच माझं काम. साहेब दोन्ही कानांत हिनाच्या अत्तराचे फाये घालून यायचे. हिना हे थंडीतलं अत्तर. ते चैत्र लागला तरी सुटलं नाही. दहा वाजता माझं डोकं ठणकायला लागे, बारापर्यंत अक्षरं हलू लागत. एकदा एका अर्जातली ओळच माझ्याकडून गळली. साहेबांनी ती पकडली आणि पुन्हा चूक झाली तर दप्तरखान्यात पाठवीन, असं शांतपणे सांगितलं. दप्तरखान्यात गेलेला माणूस म्हातारा होऊनच बाहेर यायचा.

हिनाला दुसरं अत्तर हाच उपाय मला सुचला. अणदूरकडून एक अत्तरवाला यायचा. त्याच्या पेटीतला वाळा थंड, पण मातकट होता. केवडा नाकात घुसायचा. चौथ्या कुपीत नारिंगीची फुलं होती आणि त्यांच्या मागं जरासा मोगरा.

"हेच द्या," मी म्हणालो.

"थांबा, मुन्शीजी. आत्ता नाकाला विचारू नका, दुपारला विचारा."

त्यानं माझ्या मनगटावर एक थेंब लावला आणि मला उन्हात पिटाळलं. बेंबळीच्या रस्त्यानं तासभर चालून आलो. सदरा घामानं भिजला, वास मात्र तसाच हलका राहिला. कुपी घेतली.

घरी बायकोनं हुंगून पाहिलं. "वास लई चांगलाय. पर सायबाला देताना म्हणणार काय? तुमच्या वासानं डोस्कं उठतंय?"

हे मला सुचलंच नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी फाया मी माझ्याच उजव्या कानात घातला, साहेबांच्या बाजूच्या.

तिसऱ्या अर्जाला साहेबांनी हात वर केला. "मुन्शीजी, ये क्या लगाया है?"

मी सांगितलं, डोकेदुखीसकट. त्यांनी दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हिना से मेरा भी सर दुखता है."

"मग लावता कशाला, हुजूर?"

खुर्चीवर का बसता, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तहसीलदार से हिना की खुशबू न आए, तो लोग सलाम किसे करेंगे?"

राज्यकारभारावरची बरीच पुस्तकं मी वाचली होती. डोकेदुखीचा उल्लेख एकातही नव्हता.

साहेबांनी डाव्या कानातला फाया काढला आणि तळहात पुढं केला. त्यांची बदली होईपर्यंत मग तीच वहिवाट पडली. उजव्या कानात अर्जदारांसाठी सरकारची हिना, माझ्या बाजूच्या डाव्या कानात नारिंगीची फुलं. माझ्याकडून पुन्हा ओळ गळली नाही. दप्तरखान्यात मी जायचो, पण कागद आणायला.

समोर उभे राहणारे अर्जदार मात्र कपाळ चोळत पायऱ्या उतरायचे आणि एकमेकांना सांगायचे, "सायब लई मोठा माणूस हाय."