पोरींच्या हाती विळा नाही

वत्सलाबाई मध्य प्रदेशातल्या सौसरच्या हिंदी शाळेत पाचवीला शिकवायच्या. बोरगावच्या वाटेवर त्यांचं दोन एकराचं वावर होतं. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांकडे राबून घेतलेलं. त्यात एक विहीर, थोडी संत्र्याची झाडं आणि चार बकऱ्या. नवरा गेला तेव्हा बाईंना वर्गात उभं राहणं जमेना. सुट्टी टाकून त्या वावरात येऊन बसायच्या. बकऱ्यांना पाला टाकता टाकता, झाडांना पाणी सोडता सोडता त्यांचं मन थाऱ्यावर आलं. मग त्यांना वाटलं, वर्गात मिटून बसणारी लेकरंही इथं आणून पाहावी. त्र्याऐंशी सालापासून दर रविवारी पाच-सहा मुलं तिथं येऊ लागली.

त्यात कमल होती. पोरगी हुशार, पण वाचायला उभी केली की घसा बंद. पुस्तक हिंदी, घरची बोली वऱ्हाडी. एकदा वाचताना 'मुझे'च्या जागी 'मले' निघालं आणि सारा वर्ग हसला. तेव्हापासून ती शाळेत बोललीच नव्हती.

एका रविवारी कमलची आई, लीलाबाई, तरातरा वावरात आली.

"जयभीम बाई."

"जयभीम. या, बसा."

"बसाले नाही आली मी. मांगच्या रविवारी पोरीचे हात पायले. हिरवेगार. मी लोकाच्या वावरात तन निंदते, माही मायबी निंदे. पोरीच्या हाती विळा येऊ नये म्हनून तिले शाळेत टाकलं. अन् तुमी तिले इथं आनून निंदाले लावून राहिल्या."

बाईंकडे उत्तरं खूप होती. मुलांचं मन मोकळं होतं, कामातून शिकणं होतं, असं त्या मुख्याध्यापकांना नेहमी सांगायच्या. पण लीलाबाईच्या बोटांवरचे घट्टे दिसले आणि त्यांना आपली आई आठवली. तीही निंदायला जायची आणि वत्सलाला बांधावर बसवून म्हणायची, तू पुस्तक धर.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"मंग पोरगी इथं काय शिकून राहिली, ते तर सांगा."

बाईंनी संत्र्याच्या झाडाखाली बोट दाखवलं. पाय मोडलेलं बकरीचं एक पिल्लू कमलच्या मांडीवर होतं. त्याच्या पायाला बांबूची कामटी तिनंच बांधली होती. समोर दोन लहान पोरी. नदीचा धडा ती त्यांना आपल्या बोलीत सांगत होती, "नदी डोंगरातून निंगते, मंग खाली येऊन राहते, तिले कोनी आडवत नाही..."

लीलाबाई ऐकत राहिली.

"घरी तर माह्यासंगबी एवढी बोलत नाही," ती हळूच म्हणाली आणि तिथंच बांधावर टेकली. जाताना मात्र बजावून गेली, "येऊ द्या तिले. पन विळा नाही."

बाईंनी तो नियम साऱ्याच मुलांना लावला. मुलं बकऱ्या सांभाळत, झाडांना पाणी देत, गळलेली संत्री वेचत, सावलीत बसून गणितं सोडवत. निंदण बाई स्वतः करायच्या, पदर खोचून. वाटेनं जाणारे हसायचे, "मास्तरीन निंदून राहिली अन् पोट्टे बसून राहिले." बाईंचा भाऊ सुखदेव बहिणीला निंदताना पाहून कुरकुरायचा. कधी लीलाबाई रविवारी यायची आणि न बोलावता ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसून निंदू लागायची.

"तुमचा हात लय हळू चालते, बाई."

"सवयच नाही ना."

"नसू द्या. चांगलं हाय ते."

जानेवारीत बाईंनी कमलला वर्गात उभं केलं. "आधी तुझ्या बोलीत सांग, मग वाच." कमलनं धडा सांगितला, मग पुस्तक उघडलं. मध्येच पुन्हा 'मले' निघालं. मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. कमल थांबली. बाईंनी हसणाऱ्याकडे पाहिलंही नाही. मुलीनं शब्द नीट केला आणि पान संपेपर्यंत वाचत गेली.