फाट्यापासून माझ्या घरापर्यंत

नवस बोलताना माणसानं जरा हात आखडता घ्यावा, हे मला महादेवानं शिकवलं. तेही सोळा जोडप्यांच्या समोर! हसू नका हो इतक्यात. आधी चहा घ्या, हसायला पुढं भरपूर जागा आहे.

तेव्हा ह्यांची पिरंगुटच्या कारखान्यातली नोकरी अजून कायम झाली नव्हती. श्रावणात मी सोळा सोमवार धरले आणि महादेवापुढं हात जोडले. "ह्यांना कायम होऊ दे. उद्यापनाला सोळा जोडपी एका पंक्तीला जेवू घालीन." एवढ्यावर थांबावं ना? पण माझा उत्साह! पुढं म्हटलं, "आणि ती जेवून हात धुवेपर्यंत अन्नाचा कण घेणार नाही, तोंडातून शब्द काढणार नाही!"

अन्नाचं एक वेळ ठीक. पण शब्द? ह्यांनी ऐकलं तेव्हा हे म्हणाले, "देवानं नोकरी नाही दिली तरी चालेल, ते मौन तेवढं पदरात पडू दे."

देवानं दोन्ही दिलं. दसऱ्याला कायमचं पत्र आलं!

आता घोळ कुठं झाला ते सांगते. आम्ही राहायचो कासार आंबोलीत, पिठाच्या गिरणीशेजारच्या खोलीत. पाहुणे फाट्यावर एसटीतून उतरायचे. फाट्यावर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. तिथल्या तुकाभाऊंना मी पूर्वीच सांगून ठेवलेलं, "कुणी आमचं घर विचारलं, की गिरणीकडं पाठवा." चोख व्यवस्था!

आणि ऐन भाऊबीजेला आम्ही घर बदललं. सरूआक्का नावाच्या शेतकरीणबाईंनी शेतातल्या दोन ऐसपैस खोल्या दिल्या. तिकडची वाट फाट्यावरूनच फुटायची, गिरणीकडं जायची गरजच नव्हती. म्हणून मी गिरणीवाल्या पांडूमामांना सांगितलं, "आता कुणी आलं तर फाट्यावर हॉटेलात पाठवा. तुकाभाऊ नवी वाट दाखवतील." मग तुकाभाऊंना नवी वाट सांगायला गेले, तर हॉटेल बंद. ते बहिणीकडं ओवाळून घ्यायला गेलेले!

म्हटलं, उद्या सांगू. उद्या फराळ, परवा चुरम्याचे गहू निवडायचे, तेरवा पाहुण्यांना पत्रं. पत्रांत काय लिहिलं असेल? 'फाट्यावर उतरा आणि हॉटेलात विचारा.'

आलं ना ध्यानात? मला नव्हतं आलं!

उद्यापनाचा सोमवार उजाडला. मी पहाटेपासून मुकी. पूजा झाली, चुरम्याचे लाडू वळून झाले. बाराच्या सुमारास गावातली नऊ जोडपी येऊन बसली. पत्रावळी मांडल्या, रांगोळ्या काढल्या. पौडची, पिरंगुटची आणि पुण्याची अशी सात जोडपी तेवढी यायची होती.

साडेबारा झाले. एक वाजला. एसटी तर कधीच येऊन गेलेली. नवस एका पंक्तीचा, त्यामुळं आलेल्यांनाही वाढता येईना.

"आगं, कवा येनार तुजी मान्सं?" सरूआक्का म्हणाल्या. "ह्यो आमचा म्हातारा पत्रावळीच खाईल आता!"

मी नुसते हात जोडले. ह्यांनी सायकल काढली आणि फाट्यावर गेले. तुकाभाऊ म्हणाले, "आत्ताच गिरनीकडं धाडली की!" हे गिरणीत गेले. पांडूमामा म्हणाले, "आत्ताच हॉटेलात पाठवली!" हे पुन्हा फाट्यावर. "परत आलती, परत गिरनीकडं धाडली!" असे तीन फेरे झाले. माणसं कुठं गेली एवढंच हे विचारत होते. त्यांना तिकडं धाडतंय कोण आणि का, हे विचारायचं काही सुचलं नाही. घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले, "तुझे पाहुणे गावाला प्रदक्षिणा घालतायत."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाऊबीज! बंद हॉटेल! पण सांगणार कशी? मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांना वाटलं, मला उपासाची भोवळ आली. हे पाणी आणायला आत पळाले आणि मी अंगणातून फाट्याकडं!

नऊवारी नेसलेली, नाकात नथ, कपाळभर कुंकू, पायात काही नाही. त्या थाटात तुकाभाऊंनी मला ओळखलंच नाही. म्हणाले, "उद्यापनाला आला व्हय? गिरनीत जावा."

मी जोरजोरात मान हलवली. छातीवर बोट ठेवून खुणावलं, मीच ती, मीच!

"व्हय व्हय, तुमीच. समदी तिकडंच गेल्यात. गिरनीत जावा."

पाहुणे तिकडंच आहेत म्हटल्यावर मी धावले. गिरणी धडधडत होती. पांडूमामा पिठानं पांढरेफटक, मान वर न करता ओरडले, "उद्यापन न्हवं? फाट्यावर हॉटेलात इचारा!"

सांगा आता! माझंच उद्यापन, माझाच निरोप, आणि त्या निरोपानं मलाच दारातून हाकललं!

परत फिरते तो वळणावर सातही जोडपी समोर. हातात नारळ, खण, आणि चेहरे असे की नारळ माझ्याच डोक्यात घालतील. पुढं पुण्याच्या नणंदबाई.

"अगंबाई, वहिनी! तुम्हीसुद्धा शोधताय?"

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि निघाले. म्हटलं, आता फाट्यावर जायला नको, गिरणीमागून शेतातनं जवळ पडेल. भात कापणीला आलेलं, कमरेएवढं. बांध सगळे एकासारखे एक. मी पुढं, मागं चौदा माणसं! एका मेहुण्यांचा बूट चिखलात राहिला. नणंदबाई विचारतायत, "वहिनी, नक्की हाच ना रस्ता?" आणि मी मान डोलावतेय. मुक्या माणसाचा आत्मविश्वास काय विचारता!

चालता चालता वाट संपली. समोर गोठ्याची भिंत, शेणाचा ढीग आणि रवंथ करणारी म्हैस. पुढं रस्ताच नाही! मागून चौदा माणसं माझ्याकडं बघतायत. पोटात सकाळपासून काही नाही, ऊन डोक्यावर, सोळा सोमवार पाण्यात जाणार! ढिगाआड एक बाई पाठमोरी वाकलेली दिसली, आणि माझा धीरच सुटला.

"अहो बाई," मी मोठ्यानं म्हणाले, "माझं घर कुठंय हो?"

बाई वळली. सरूआक्का!

"आगं बया! ह्यो आपलाच गोठा न्हवं का? भिंतीपल्याड तुजी चूल हाय, चूल!"

पंधरा दिवसांच्या नव्या घराचं परसदार मी कधी पाहिलंच नव्हतं. आत नऊ जोडप्यांनी माझा प्रश्न स्वच्छ ऐकला होता. हे दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे.

पंगत बसली, सोळाही जोडपी पोटभर जेवली. मी मात्र वाढता वाढता रडवेली. मौन मोडलं होतं ना! सरूआक्कांनीच समजूत घातली. "रडू नगं. म्हादेव भोळा हाय. त्यानं जोडपी मोजली आसतील, तुजी बोंब न्हाई मोजली. लईच वाटत आसंल, तर फुडल्या सोमवारी गप बस."

बसले. दिवसभर बसले. संध्याकाळी हे म्हणाले, "आणखी एखादं प्रमोशन मागून बघतेस का?"

म्हणून म्हणते, तुम्हीही नवस बोला. मनापासून बोला, तो ऐकतो, माझा अनुभव आहे. फक्त घर बदललंत, तर आधी फाट्यावर जाऊन सांगा. आणि एक माझं ऐकाच. आपलं घर मागच्या बाजूनं कसं दिसतं, ते एकदा जाऊन बघून या.