वैष्णवीची उपमा

मित्रांनो, आज मी वरकुट्याच्या शाळेत चौथीच्या मुलांना उपमा शिकवत होते. विचारलं, "एखादी जागा शांत आहे, तर कशासारखी शांत?"

"देवळागत!" "रानागत!" पोरं ओरडली.

वैष्णवी हळूच म्हणाली, "आमच्या घरागत."

"का गं?"

"दादा गेल्यापासनं कुणीच बोलत न्हाय, बाई."

तिचा मोठा भाऊ गेल्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला.

शाळा सुटल्यावर तिला घरी सोडायला गेले. तिचं उत्तर आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाई, घरात म्हैनाभर तोंड उघडलं न्हाय तिनं. ती साळंत बोलती व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली, तशी ती माऊली दारातच रडत बसली.

शिक्षक मंडळी, तुम्ही अशा वेळी काय बोलता?